मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन बघायचं कसं आणि क्लबात शिरायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मूळचे बार्शीचे, नोकरीमुळे सध्या कोव्हेंट्रीला. घरी ओओ गेजचा (इथल्या मॉडेल रेल्वेचं नेहमीचं माप) एक स्टार्टर सेट आहे, तो जेवणाच्या टेबलावर मांडायचा आणि पानं घ्यायची वेळ झाली की आवरायचा. एका मोठ्या मॉडेल रेल्वे प्रदर्शनाला गेलात, दोन तासांत डोकं भणभणलं, नको ते विकत घेऊन परत आलात. आता तीन गोष्टी विचारताय. प्रदर्शन नेमकं बघायचं कसं? क्लबात सगळे इथले पेन्शनर आणि आपल्याला इथल्या रेल्वेतलं काही कळत नाही, तर तिथे जावं का? आणि बार्शी लाइटचं, म्हणजे आपल्या गावच्या जुन्या नॅरोगेज रेल्वेचं, मॉडेल करायचं मनात आहे, त्याला इथे कोण विचारतो?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला वाटतं त्याच्या अगदी उलट आहे, पण त्याकडे मागाहून येतो.

मोठ्या प्रदर्शनापासून सुरुवात करू नये, हे माझं स्पष्ट मत. बर्मिंगहॅमच्या एनईसी या मोठ्या प्रदर्शन केंद्रात वॉर्ली क्लबचं प्रदर्शन दर नोव्हेंबरात भरायचं, ते २०२३ नंतर थांबलं. तिथेही नवखा माणूस पहिल्या तासातच दमायचा. यॉर्कला ईस्टरच्या सुट्टीत रेसकोर्सवर भरतं तिथे जरूर जा, पण पुढच्या वर्षी. आधी शोधायचं ते एखाद्या गावातल्या क्लबाने शाळेच्या नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये भरवलेलं शनिवारचं प्रदर्शन. दहा-पंधरा ले-आउट (फळ्यांवर देखाव्यासकट मांडलेल्या छोट्या रेल्वे), चार-पाच दुकानदार, जुन्या मालाचं एक टेबल आणि कोपऱ्यात क्लबातल्या कुणाच्या तरी बायकोने केलेला केक. तारखा मासिकांच्या मागच्या पानांवर आणि क्लबांच्या वेबसाइटवर मिळतात. हिवाळा हा खरा हंगाम. उन्हाळ्यात यातली निम्मी मंडळी खऱ्या वाफेच्या गाड्यांवर हौसेने तिकिटं तपासत असतात. छोट्या प्रदर्शनाचा फायदा एकच, पण मोठा: तिथे माणसाला तुमच्याशी बोलायला वेळ असतो.

आता बघायचं कसं. ले-आउटसमोर पाच मिनिटं उभे राहा आणि मागे पंधरा. समोरून दिसतं ते नाटक. शिकायचं असेल तर विंगेत उभं राहावं लागतं. बहुतेक ले-आउटच्या मागे किंवा कडेला दोरी नसते, आणि असली तरी "जरा मागून बघू का?" असं विचारल्यावर नाही म्हणणारा माणूस मला तरी क्वचितच भेटला.

मागे काय दिसतं? पहिलं म्हणजे फिडल यार्ड. देखाव्याच्या आड गाड्या उभ्या करायची ही जागा. प्रेक्षकांना गाडी पुलाखालून निघून गेलेली दिसते, प्रत्यक्षात ती दोन फूट पुढे येऊन थांबलेली असते आणि थोड्या वेळाने उलट्या दिशेची गाडी म्हणून परत रंगमंचावर येते. छोट्या ले-आउटवर यासाठी बहुधा कॅसेट वापरतात, आणि तुमच्या जेवणाच्या टेबलाच्या अडचणीवर मला हाच उपाय दिसतो. कॅसेट म्हणजे प्लायची एक अरुंद पट्टी, तिच्यावर रुळांऐवजी ॲल्युमिनियमचे दोन अँगल, आणि टोकाला दोन बुलडॉग क्लिपा, कागदांना लावतो त्याच. या क्लिपा कॅसेटला ले-आउटच्या रुळांशी सरळ रेषेत धरून ठेवतात आणि वीजही त्यांच्यातूनच जाते. ऑपरेटरचे हात नीट बघा. गाडी कॅसेटवर आली, दोन्ही टोकांना फोमचा तुकडा अडकवला, क्लिपा काढल्या, अख्खी गाडी पट्टीसकट उचलली, हवेत फिरवली, परत ठेवली, क्लिपा लावल्या. इंजिनाला बोटसुद्धा लागत नाही. सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे पॉइंट) नाहीत, त्यामुळे सांध्यांची वायरिंग नाही आणि जागाही लागत नाही. फळीभर लांबीचं स्टेशन आणि त्याला जोडलेली मीटरभराची कॅसेट, एवढ्यात एक पूर्ण ले-आउट होतो आणि जेवायच्या वेळी कपाटावर जातो.

दुसरं, ले-आउटच्या दोन फळ्या, म्हणजे बेसबोर्ड, जुळतात तिथे खाली वाकून बघा. एका बाजूला पितळेची खुंटी आणि दुसऱ्या बाजूला तिची खोबण दिसेल, त्यामुळे फळ्या दर वेळी त्याच जागी बसतात. वर रुळांची टोकं प्लास्टिकच्या स्लीपरवर नसतात, तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्टीच्या) स्लीपरवर डाख देऊन पक्की केलेली असतात. व्हॅनमध्ये चढवता-उतरवताना पहिला मार तिथेच बसतो, आणि प्रदर्शनात गाड्या घसरतात त्याही बहुतेक तिथेच. कुठल्याही ले-आउटचा कस लावायचा तर या सांधणीवरून लावा, झाडं-घरं नंतर.

आणि दुपारी तीननंतर त्याच ले-आउटकडे परत या. सकाळी सगळ्यांचंच सगळं सुरळीत चाललेलं असतं. दुपारी हॉल तापलेला असतो, रुळांवर काळा थर धरलेला असतो, ऑपरेटरचे पाय बोलत असतात. मग इंजिन मध्येच अडतं. कोण बोटाने ढकलतो, कोण आयसोप्रोपिल अल्कोहोलची चिंधी काढतो, कोण शांतपणे दुसरी गाडी सोडून पहिली मागे घेतो, हे बघण्यासारखं असतं. चालवण्याची कला असते ती ही.

काय विचारावं? माझा लाडका प्रश्न: "हे सगळं घरून इथपर्यंत आणलं कसं?" या एका प्रश्नात फळ्यांची लांबी, पायांची घडी, वायरींचे जोड, व्हॅनचं भाडं आणि घरच्यांची सहनशक्ती, सगळं बाहेर येतं, आणि समोरचा माणूस खुलतो. "किती खर्च आला?" हे आपल्याकडे सहज विचारतात, इथे विचारू नका. शंटिंग चालू असताना तर काहीच विचारू नका. गाडी निघून गेली की माणूस आपण होऊन मान वर करतो. हात लावायचा नाही, हे सांगायला नको. पाठीवरची सॅक पुढे घ्या किंवा गाडीत ठेवून या. प्रदर्शनांत सॅकवाल्यांवर जितके टोमणे मारले जातात तितके दुसऱ्या कुणावर नसतील, आणि वळताना सॅकने सिग्नल मोडलेला एकदा बघितला की ते टोमणे पटतात.

इथल्या रेल्वेतलं कळत नाही म्हणता, ते तितकंसं खरं नाही. आपल्याकडे शेवटच्या डब्यामागे एलव्हीची पाटी आणि रात्री लाल दिवा का असतो, ते तुम्हाला ठाऊक असेलच: गाडी अख्खी गेली, मागे एखादा डबा तुटून राहिला नाही, हे केबिनवाल्याला कळावं म्हणून. इथेही तेच, शेवटच्या वाहनामागे दिवा. प्रदर्शनात एखाद्या गाडीला तो दिवा नसला की मागच्या रांगेतून हमखास कुणीतरी म्हातारा पुटपुटतो. आपल्याकडचे सिग्नल, ब्लॉक, टोकन हे सगळं इथूनच आलेलं. तुम्हाला माहीत आहे त्याचीच ही इंग्रजी आवृत्ती समजा.

हॉलमध्ये एक-दोन टेबलांवर प्रात्यक्षिकं असतात. लोक तिथे दोन मिनिटं थांबतात आणि पुढे जातात, तुम्ही खुर्ची ओढून बसा. पितळी किट जोडणारा माणूस दिसला तर त्याच्या टेबलावरची सोल्डरची वेटोळी बघा. १८८ अंशांचं, १४५ अंशांचं आणि ७० अंशांचं, अशी साधारण तीन असतात. आधीचे जोड जास्त तापमानाच्या सोल्डरने द्यायचे आणि पुढचे कमी तापमानाच्या, म्हणजे दुसरा जोड देताना पहिला सुटत नाही. ७० अंशांचं व्हाइटमेटलच्या ओतीव भागांसाठी. तिथे नेहमीचं तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेकवलं तर भागच वितळून टेबलावर सांडतो. हे वाचून कळतं, पण आयर्न किती वेळ टेकवायचं आणि फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून जोडाला लावतात ते द्रव्य) किती ओला हवा, ते बघूनच कळतं. संध्याकाळी किट धुऊन ठेवायचं, नाहीतर फ्लक्समधलं आम्ल पितळ हिरवं करतं, हेही तिथलाच कुणी सांगेल.

खरेदीबद्दल फार सांगत नाही. पहिली फेरी पाकिटाला हात न लावता मारा. नवं इंजिन आज दोनशे पौंडांच्या आसपास जातं आणि ते घरबसल्याही मिळतं. प्रदर्शनात घ्यावं ते सुटं सामान, हत्यारं, खडी, चाकं आणि जुना माल. जुन्या मालाच्या टेबलाशेजारी बहुधा चाचणीचा रुळाचा तुकडा असतो, इंजिन त्यावर चालवून दाखवा म्हणायला लाजू नका. खूप जुन्या मॉडेलच्या जस्ताच्या ओतीव चेसीला बारीक भेगा किंवा फुगवटा दिसला तर कितीही स्वस्त असलं तरी सोडा. मिश्रधातूत शिशासारखी भेसळ राहिली की तो रोग आतून पोखरतो आणि त्यावर इलाज नाही.

आता बार्शी.

बार्शी लाइट रेल्वेचा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला, कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत. अडीच फुटी गेज, आणि तिच्यामागे डोकं एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरचं. इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळांवरही भरपूर माल ओढता येतो, हा त्याचा हिशेब. याच माणसाने नंतर स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे बांधली. गेज तेच, अडीच फूट. १९०४ मध्ये सुरू, १९३४ मध्ये बंद. इंग्लंडच्या हिरव्या दरीत मोठ्या हेडलाइटची इंजिनं आणि व्हरांड्यांचे डबे, सगळा थाट वसाहतीतला. दोनपैकी एका इंजिनाचं नावच 'ई. आर. कॅलथ्रॉप'. ही चिमुकली लाइन नॅरोगेजवाल्या हौशी लोकांना फार प्रिय आहे आणि तिच्याबद्दल वाचलेल्या प्रत्येकाने बार्शीचं नाव वाचलेलं असतं. तुम्ही प्रदर्शनात अशा ले-आउटसमोर उभं राहून "मी बार्शीचा" म्हणून बघा. तुम्ही लोकांना प्रश्न विचारायला गेलात, तर लोकच तुम्हाला विचारत बसतील. वाघिणींचा रंग कुठला होता, कुर्डुवाडीला माल कसा चढवत-उतरवत; गावाकडे फोन करून म्हाताऱ्यांना विचारून ठेवा. जुन्या लाइनचा मार्ग आता मॅनिफोल्ड वे नावाची पायवाट आहे, वॉटरहाउसेसपासून हुल्म एंडपर्यंत. कोव्हेंट्रीहून एका दिवसात जाऊन येता येईल.

मापांचं म्हणाल तर इथे नीट विचार करून ठरवा. तुमचा सेट ओओ आहे, म्हणजे १:७६.२ प्रमाण आणि १६.५ मिमी रूळ. मी बार्शी लाइट १:८७ मध्ये, म्हणजे एचओत करीन. अडीच फूट म्हणजे ७६२ मिमी, त्याला ८७ने भागलं की ८.७६ मिमी येतात आणि बाजारात ९ मिमीचा रूळ तयार मिळतो. ऑस्ट्रियातल्या नॅरोगेज गाड्या ७६० मिमीच्या; त्यांच्यासाठी एचओई नावाने रूळ, चेसी, चाकं सगळं बनतं, ते तुम्हाला आयतं चालतं. प्रश्न येतो कुर्डुवाडीचा, कारण तिथे ब्रॉडगेजही दाखवावं लागेल. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, १:८७ मध्ये १९.२६ मिमी. साधा १६.५चा एचओ रूळ घातलात तर तो १४३५ मिमीचा, म्हणजे इथल्या स्टँडर्ड गेजचा दिसतो, आणि आपली रुंद वाघीण त्यावर काठीवर उभी केल्यासारखी वाटते. इथे अतिशय काटेकोर काम करणाऱ्यांचं पी४ नावाचं मानक आहे, रूळ १८.८३ मिमी. तो १:८७ मध्ये १६३८ मिमीचा भरतो. अर्ध्या मिलिमीटरहून कमी फरक, डोळ्याला कळत नाही, आणि त्याची गेजं व सांध्यांची हत्यारं स्केलफोर सोसायटीकडे सभासदांना मिळतात. पण तुम्हाला सध्या माझा सल्ला वेगळा आहे: ब्रॉडगेजची एकच सायडिंग हाताने घाला, तिच्यावर वाघिणी कायमच्या उभ्या ठेवा, फलाटाच्या पलीकडे फक्त नॅरोगेज चालवा. हमाल पोती उतरवतायत एवढं दाखवलं की ब्रॉडगेजची गाडी का हलत नाही, हे कुणी विचारणार नाही.

या गेजच्या भानगडीत ज्यांच्याशी बोलायला हवं ते म्हणजे आयर्लंडच्या रेल्वेची मॉडेल करणारे. त्यांचं गेज पाच फूट तीन इंच, ४ मिमी प्रमाणात बरोबर २१ मिमी, आणि बाजारात त्यांच्यासाठी फारसं काही तयार नसतं. इंजिनाचे आस लांब कसे करायचे, चेसी रुंद कशी करायची, हे त्यांनी वर्षानुवर्षं घासून घासून शिकलेलं आहे. कार्यक्रमपत्रिकेत आयरिश ले-आउट दिसला की आधी तिकडे जा.

क्लबाचं. तीन प्रकार डोळ्यांसमोर ठेवा. एक, स्वतःची जागा असलेले. लंडनचा द मॉडेल रेल्वे क्लब १९१० चा; किंग्ज क्रॉसजवळच्या कीन हाउसमध्ये त्यांचा २ मिमी प्रमाणातला 'कोपनहेगन फील्ड्स' हा ले-आउट आहे. त्यात मागे जाता जाता घरांचं प्रमाण लहान लहान केलंय, त्यामुळे थोड्याशा रुंदीत दूरवरचं लंडन दिसतं. लंडनला गेलात आणि त्यांचा खुला दिवस असला तर चुकवू नका. दुसरा प्रकार, आठवड्यातून एक संध्याकाळ हॉल भाड्याने घेणारे. तिसरा, विशिष्ट गेजच्या संस्थांचे स्थानिक गट, जे कुणाच्या घरी नाहीतर पबच्या मागच्या खोलीत जमतात. नॅरोगेजसाठी १९७३ ची ००९ सोसायटी आहे, तिचे गट बऱ्याच भागांत आहेत. तुम्हाला दुसरा आणि तिसरा, दोन्ही हवेत: गावातला क्लब सुतारकाम आणि वायरिंग शिकायला, नॅरोगेज गट तुमच्या वेडाला सोबत म्हणून.

आधी सेक्रेटरीला दोन ओळींचा ईमेल करा, अमुक वारी येऊन बघू का. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, खिशात एक वाघीण असू द्या, अर्धवट जोडलेली असली तर उत्तमच. अर्धवट वस्तू दिसली की ही माणसं ती हातात घेतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि बोलायला लागतात. पहिल्या संध्याकाळी तुमची विचारपूस करायला कुणी धावत येणार नाही. ते शिष्टपणातून नव्हे. इथल्या माणसाला अनोळखी माणसाशी बोलायला हातात काहीतरी काम लागतं. तेव्हा जिथे फळीखाली तिघं वाकून एखादा सुटलेला जोड शोधत असतील तिथे जा आणि "टॉर्च धरू का?" म्हणा. आणि साडेआठच्या सुमाराला चहा होतो तेव्हा कप विसळायला उभे राहा. ओट्याजवळ ज्या ओळखी होतात त्या ले-आउटजवळ होत नाहीत. ते एकमेकांना सरळ नावाने हाक मारतात, वय ऐंशी असलं तरी. तुम्हालाही तसंच करावं लागेल. सुरुवातीला जीभ अडखळते, मग सवय होते.

वर्गणी लगेच भरू नका, दोन-तीन वेळा जाऊन बघण्याची मुभा बहुतेक ठिकाणी असते. बघायचं ते हे, की लोक काम करतायत की नुसते कमिटीवर चिडतायत. दोन्ही प्रकारचे क्लब असतात. मुलगा बरोबर न्यायचा असेल तर आधी विचारा, लहान मुलांबरोबर पालक थांबलाच पाहिजे असे नियम असतात आणि ते पाळले जातात.

क्लबातल्या बहुतेकांची नातवंडं मोठी झालेली असतात आणि फळ्या उचलणारे हात क्लबाला कमी पडतात. म्हणून क्लबाचं स्वतःचं प्रदर्शन जवळ आलं की शुक्रवारी संध्याकाळी मांडामांडीला जा. शनिवारी कुणीतरी जेवायला जाताना तुमच्या हातात कंट्रोलर देईल. शेजारी क्रमपत्रिका लटकवलेली असते, कुठली गाडी कुठल्या रुळावरून सोडायची, ओळीने. तेवढं वाचत चालवायचं, आणि लोक बघतायत म्हणून गाडी भरधाव सोडायची नाही. नॅरोगेज तर चालत्या माणसाच्या वेगाने शोभते. डबा मात्र घरून न्या. तिथल्या उपाहारगृहात सकाळपासून बेकनचा वास असतो आणि शाकाहारी माणसाला चीजचं सँडविच सोडून फार काही मिळत नाही. थालीपीठ दोन जास्तच घ्या, मागणारे निघतात.

सुट्टीत पुण्याला गेलात तर कोथरूडमधलं भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघून या. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे, एचओतलं आहे, आणि गाड्या चालवणाऱ्यावर एक डोळा ठेवून बघितलंत तर वर सांगितलेलं बरंचसं तिथेही दिसेल. इकडे परतायच्या आधी कुर्डुवाडीत एक दिवस काढा आणि जुन्या नॅरोगेजच्या काय खुणा उरल्यात त्यांचे फोटो घ्या, मोजपट्टी चित्रात येईल असे. नॅरोगेज गटाच्या पहिल्या बैठकीला वाघिणीबरोबर ते फोटो न्या.